डिस्कसच्या जोडीने सहा वेळा अंडी घातली, पिल्लू एकही जगलं नाही. मदत हवी आहे

शर्वरी_वाकड | ३ मार्च, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

दीड वर्षापूर्वी दोन-दोन इंचांचे सहा डिस्कस मासे आणले आणि चार फुटी टाकीत एकत्र वाढवले. पाच जगले. गेल्या ऑगस्टमध्ये त्यातल्या दोघांनी टाकीचा एक कोपरा धरला आणि बाकीच्यांना तिकडे फिरकू देईनात. रंगाच्या जातीने एक रेड टर्कॉईज, एक पिजन ब्लड. दोघं समोरासमोर येऊन मान खाली घालायची, अंगाला थरथर सुटायची. मग त्यांना दीड फुटी चौकोनी टाकीत हलवलं. तळाला वाळू नाही, एक काळा स्पंज फिल्टर, हीटर २९ अंशांवर, मधोमध अंडी घालायला कुंभाराकडून करून घेतलेला मातीचा कोन.

वहीत नोंदी ठेवल्यात, त्याच उतरवते. सप्टेंबरमध्ये दोनदा अंडी, दोन्ही वेळा सकाळी उठून बघते तर कोन स्वच्छ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा, साधारण दीडशे. त्यातून नऊ पिल्लं बाहेर आली, कोनावर चिकटून शेपट्या हलवताना मी डोळ्यांनी पाहिली, चौथ्या दिवशी एकही नाही. नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारी अशी पुढची तीन वेळा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळीच्या सगळी अंडी पांढरी.

पीएच ७.६, अमोनिया शून्य. आठवड्यातून तीनदा पाव टाकी पाणी बदलते, हायपो (क्लोरीन मारणारं औषध) घालूनच. दोघांची तब्येत उत्तम, खातात भरपूर. प्रत्येक वेळी ती दोघं आळीपाळीने कोनासमोर पंख हलवत उभी असतात, पांढऱ्या अंड्यांनासुद्धा वारा घालत राहतात. ते बघवत नाही हो. काय चुकतंय?

ओंकार_९ | ३ मार्च, रात्री ११.२०

वाचतोय.

पाणकोळी | ४ मार्च, सकाळी ६.१५

शर्वरीताई, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. त्या वहीतच उत्तर असणार.

अंडी सगळी पांढरी पडतात म्हटल्यावर पहिली शंका येते ती दोन्ही माद्या असल्याची. डिस्कसमध्ये दोन माद्या अगदी नवरा-बायकोसारख्या जोडीने राहतात, कोन साफ करतात, अंडीही घालतात. पण तुमच्याकडे ऑक्टोबरमध्ये नऊ पिल्लं निघाली, म्हणजे नर आहे आणि कामाचा आहे. तो मुद्दा निकालात निघाला.

मग ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये काय बदललं? खाणं, जागा, लाइट, पाणी? नळाला पाणी कुठून येतं? आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती? पीएच लिहिलात, टीडीएस लिहिला नाहीत.

शर्वरी_वाकड | ४ मार्च, रात्री ९.०५

पाणकोळीकाका, तुमचा प्रश्न वाचून सकाळपासून हेच डोक्यात होतं.

पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत सोसायटीला महापालिकेचं पाणी पुरतं. दिवाळीनंतर टँकर सुरू होतात आणि सोसायटीची बोअरही चालू करतात, सगळं एकाच टाकीत पडतं. मी टीडीएस कधी मोजलाच नव्हता. घरच्या आरओवाल्याचा मीटर मागून आणला. नळाचं पाणी ४६०. आरओचं २०. माशांच्या टाकीतलं ४९०!

पाणकोळी | ५ मार्च, सकाळी ६.४०

मग सापडलं. आता थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे येणाऱ्यांनाही उपयोग होईल.

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. १८४० साली हेकेलने ज्या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ती रिओ निग्रो नदीच्या भागातली, म्हणजे चहासारख्या काळपट, जवळपास क्षार नसलेल्या पाण्यातली. आज आपल्याकडे मिळणारे सगळे रंग माणसांनी टाकीत पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेले आहेत. त्यामुळे मोठे मासे ३००-४०० टीडीएसच्या पाण्यात सुखाने राहतात, खातात, अंडीही घालतात. अंड्याचं मात्र तसं नाही. कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात अंड्याचं आवरण कडक होतं, फलन कमी होतं, आणि जे गर्भ वाढतात त्यांनाही बाहेर पडणं जड जातं. फलन न झालेलं अंडं एका दिवसात पांढरं पडतं आणि त्यावर बुरशी धरते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. धरणाचं पाणी त्या मानाने मऊ. तुमची नऊ पिल्लं धरणाच्या पाण्यातली होती, नोव्हेंबरपासूनची पांढरी अंडी बोअरच्या.

आता हिशोब. आपल्याला ९०च्या आसपास टीडीएस हवा. तुमचे आकडे धरले तर १०० लिटरमागे ८४ लिटर आरओचं आणि १६ लिटर नळाचं. नुसतं आरओ कधीही वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं, एका रात्रीत घसरतो. आणि एकदम बदलू नका. दहा-बारा दिवसांत, रोजच्या पाणी बदलातून हळूहळू खाली आणा. पीएच आपोआप ६.५च्या आसपास उतरेल. आम्ल घालून तो उतरवायच्या फंदात पडू नका, मासे मरतात.

आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून लादी पुसायला, संडासाला वापरा. टँकरच्या दिवसांत हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आणखी एक: रात्री खोलीत पूर्ण अंधार करू नका. अंधारात आई-बापांना अंडी दिसत नाहीत, वारा घालणं थांबतं. तुमची सप्टेंबरची अंडी रात्रीतच गेली होती. झिरोचा दिवा टाकीपासून दूर चालू ठेवा. नवी जोडी पहिली दोन-तीन वेळा खातेच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कुडाळचो_माणूस | ५ मार्च, दुपारी १.३०

आमच्याकडे उलटा प्रकार आहे, म्हणून लिहितोय. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, टीडीएस ४५, पीएच ६.२. बाहेरचे लोक हेवा करतात, पण पहिली दोन वर्षं माझे मासे सारखे आजारी. टाकीत चार दिवस गेले की पीएच ५च्या खाली. इतक्या आम्ल पाण्यात फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. शेवटी समुद्रावरचे शिंपले धुऊन, कुटून, एक मूठभर पिशवीत बांधून फिल्टरमध्ये टाकले. आता ६.४ला स्थिर आहे, टीडीएस ७०. जोडी वर्षातून सहा-सात खेपा पिल्लं काढते.

बदामाची पानं जरूर टाका. देशी बदाम, ज्याचं झाड प्रत्येक शाळेच्या आवारात असतं. आत्ता पानगळीचा हंगाम आहे, लाल होऊन आपोआप गळलेली पानं उचलायची. रस्त्याकडेची नकोत, धूर बसलेला असतो. धुऊन सावलीत वाळवायची, ४० लिटरला एक. पाणी चहासारखं होतं आणि अंड्यांवर बुरशी कमी धरते हा माझा अनुभव.

अनिकेत_नागपूर | ५ मार्च, रात्री ८.१०

माझं मत वेगळं आहे. अंडी दिसली की कोनच उचलायचा, वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा, बुरशी धरू नये म्हणून मिथिलीन ब्लू हे निळं औषध घालायचं, खाली बुडबुडे सोडणारा एअर स्टोन. आई-बाप खाण्याचा प्रश्नच मिटतो. पिल्लं पोहायला लागली की अंड्याच्या पिवळ्या बलकाची पूड पाण्याच्या पातळीवर भांड्याच्या कडेला लावायची. फ्लोरिडाच्या जॅक वॉटली यांनी ही पद्धत फार पूर्वी वापरून दाखवली आहे. मेहनत आहे, पण होतं. मागच्या खेपेला २०० अंड्यांतून १५ पिल्लं वाढवली.

पाणकोळी | ६ मार्च, सकाळी ६.३०

अनिकेत, तू तासातासाला भांडं धुऊन १५ पिल्लं जगवलीस, त्या मेहनतीला मी नमस्कार करतो. पण शर्वरीताईंना मी तो मार्ग सुचवणार नाही. कारण सांगतो.

डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. नर आणि मादी दोघांच्याही. ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली हे बारकाईने तपासलं. अंडी घातल्याबरोबर त्या स्रावातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाढलेली राहतात आणि मग उतरतात. त्याच सुमाराला आई-बाप पिल्लांपासून लांब पोहायला लागतात. म्हणजे सस्तन प्राण्यांचं दूध पाजणं आणि दूध तोडणं, दोन्ही आलं. अंड्याच्या बलकात ते प्रतिकारक द्रव्य कुठून आणणार? शिवाय बलक २९ अंशांच्या पाण्यात दोन तासांत सडतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जी जोडी एकदा पिल्लं वाढवते ती शिकते. दर वेळी अंडी काढून घेतली तर ती शिकणार कधी? कोनाभोवती प्लास्टिकच्या जाळीचं नळकांडं बसवा, अर्ध्या इंचाचं अंतर ठेवून. त्यांना अंडी दिसतील, वारा घालता येईल, तोंड पोहोचणार नाही. पिल्लं बाहेर पडू लागली की जाळी अलगद काढायची.

अनिकेत_नागपूर | ६ मार्च, रात्री ९.४५

जाळीचं कधी करून बघितलं नव्हतं. करतो. मात्र मी कोन काढतो त्याचं आणखी एक कारण आहे. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच ३४ला जातं, मोठे मासे अंड्यांकडे बघतही नाहीत.

शर्वरी_वाकड | १९ मार्च, रात्री १०.३०

टीडीएस ९५. पीएच ६.६. शाळेच्या आवारातली बदामाची पानं मुलीने वेचून आणली. पाणी सोनेरी दिसतंय. आज मादी खात नाहीये आणि कोनावर चोची मारून साफसफाई चाललीय.

शर्वरी_वाकड | २४ मार्च, रात्री ९.१५

आज संध्याकाळी सातला अंडी! खालून वर सरळ रांगा लावत मादी (पिजन ब्लड) चढते आणि तिच्या मागोमाग नर. पाऊण तास चाललं. अंदाजे १६०. जाळी बसवली. हात थरथरत होते.

शर्वरी_वाकड | २६ मार्च, सकाळी ७.१०

छत्तीस तास झाले. पांढरी झालेली तीसेक. बाकीची करडी होत चाललीत आणि भिंगातून बघितलं तर आत दोन-दोन काळे ठिपके. डोळे आहेत का ते?

पाणकोळी | २६ मार्च, सकाळी ७.२५

डोळेच. उद्या सकाळी शेपट्या दिसतील. पांढऱ्या अंड्यांना हात लावू नका.

शर्वरी_वाकड | २७ मार्च, सकाळी ८.००

शंभराच्या वर आहेत. कोनावर डोक्याने चिकटलेली, सगळ्या शेपट्या एकसारख्या हलतायत. जाळी काढली. नर एकेक पिल्लू तोंडात घेतो, क्षणभर ठेवतो आणि कोनाच्या वरच्या बाजूला थुंकतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खातोय असंच वाटलं.

शर्वरी_वाकड | ३० मार्च, दुपारी १२.२०

काका, तातडीचं आहे. सकाळपासून पिल्लं सुटून पोहायला लागलीत, पण आई-बापांकडे जात नाहीत. सगळी स्पंज फिल्टरभोवती आणि हीटरच्या काळ्या टोपीला गोळा झालीत. मादीजवळून गेली तरी पुढे निघून जातात. ऑक्टोबरची नऊ अशीच गेली का?

पाणकोळी | ३० मार्च, दुपारी १२.३५

शक्यता तीच. घाबरू नका, अजून वेळ आहे. पिल्लं गडद रंगाकडे जातात. निसर्गात या दिवसांत आई-बापांचं अंग काळवंडतं आणि टाकीतली सगळ्यात गडद वस्तू तेच असतात. पण पिजन ब्लड ही जात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडमधून आली, तिच्या अंगावर काळे पट्टे उमटतच नाहीत. तुमची मादी त्यांना दिसतच नाहीये. काळा स्पंज दिसतोय.

आत्ता हे करा. स्पंज काढून मोठ्या टाकीत सोडा, म्हणजे त्यातले जिवाणू जगतील. इथे नुसता एअर स्टोन, अगदी हळू. कोन आणि पानंही काढा. पाणी उपसून आठ-नऊ इंचांवर आणा, पिल्लांना आई-बापांपर्यंत कमी अंतर जावं लागेल. त्याआधी हीटर बंद करून तळाशी आडवा ठेवा, पूर्ण बुडाल्याची खात्री करूनच पुन्हा चालू करा. टोपीला पांढरं काही गुंडाळू नका, नुसती तळाच्या कोपऱ्यात जाऊ द्या. खोलीचा लाइट मंद. मग खुर्ची लांब घेऊन बसा, टाकीत हात घालू नका.

स्पंज नसल्यामुळे सकाळ-संध्याकाळ पंधरा टक्के पाणी बदलावं लागेल. तेच तापमान, तोच टीडीएस.

शर्वरी_वाकड | ३० मार्च, संध्याकाळी ५.५०

गेली! बापाकडे गेली! तीनच्या सुमाराला नर मधोमध येऊन थांबला, अगदी काळानिळा झालेला. पहिल्यांदा पाच-सहा चिकटली, मग एकामागून एक. आत्ता सत्तरएक पिल्लं त्याच्या अंगावर आहेत, दोन्ही बाजूंनी टोचा मारतायत. तो पंख मिटून स्थिर उभा आहे. मी आणि मुलगी जमिनीवर बसून बघतोय, दोघींनाही बोलवत नाहीये.

कुडाळचो_माणूस | ३० मार्च, संध्याकाळी ६.१५

देव बरें करो. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

शर्वरी_वाकड | १ एप्रिल, सकाळी ७.३०

काल रात्री लाइट दोन तास गेली. बॅटरीवरचा एअर पंप लावला आणि टाकीला चारी बाजूंनी गोधडी गुंडाळली. २९.५ वरून २८.३ इतकंच उतरलं.

आईकडेही आता पिल्लं जातात. नर कंटाळला की आईजवळ येतो, अंगाला एक झटका देतो आणि सगळी पिल्लं तिच्या अंगावर. दहा मिनिटांनी ती परत तसंच करते. रंगाने ओळखत नव्हती तिला, आता सवयीने ओळखतात असं वाटतं.

पाणकोळी | १ एप्रिल, सकाळी ८.००

छान. आता आर्टेमियाची तयारी, म्हणजे पिल्लांना खायला द्यायच्या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांची. पोहायला लागल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी पहिलं खाणं द्यायचं. प्लास्टिकची बाटली उलटी, लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, आयोडीनचं नको. पाव चमचा आर्टेमियाची अंडी, जोरात हवा, वर दिवा, तापमान २८. चोवीस तासांत केशरी ढग दिसेल. हवा बंद करून दिवा तळाशी धरला की रिकामी टरफलं वर तरंगतात, जिवंत पिल्लं खाली उजेडाकडे गोळा होतात. नळीने खालूनच काढा, बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुवा. दोन बाटल्या बारा तासांच्या फरकाने लावा, म्हणजे दोन्ही वेळेला ताजी मिळतील. शिळी झाली की त्यांच्यातलं सत्त्व निघून जातं. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात.

बाजारातले जिवंत किडे पिल्लांना अजिबात देऊ नका. गटाराच्या पाण्यातले असतात, बरेच आजार त्यांतून येतात.

शर्वरी_वाकड | ४ एप्रिल, रात्री १०.१०

पहिल्यांदा आर्टेमिया दिला. अर्ध्या तासात पिल्लांची पोटं केशरी झाली! बाहेरून दिसतात, तांदळाच्या कणीएवढ्या अंगात केशरी ठिपका. आता दिवसातून पाच वेळा. ऑफिस घरून आहे म्हणून जमतंय.

मीनल_ठाणे | ५ एप्रिल, दुपारी ३.४०

खूप सुंदर धागा. वाचनखूण साठवली. एक विचारायचंय, आई-बापांना या काळात काय खायला देता? परदेशातले लोक बीफ हार्ट सांगतात.

पाणकोळी | ५ एप्रिल, रात्री ८.३०

मी बीफ हार्ट देत नाही आणि त्याऐवजी कोंबडीचं काळीजही घालत नाही, त्यात चरबी फार. सोललेली कोलंबी, कमी तेलाचा मासा, थोडा वाफवलेला पालक, लसणाची एक पाकळी, सगळं वाटून पातळ थापून फ्रीझरमध्ये. आमच्याकडे कित्येक वर्षं हेच चालतं, माशांचा रंग बघितलात तर विश्वास बसेल. पिल्लं अंगावर असताना दिवसातून दोनदाच, थोडं. उरलेलं दहा मिनिटांत काढून टाकायचं.

शर्वरी_वाकड | १८ एप्रिल, रात्री ९.५०

आज पिल्लं वेगळी केली. तीन आठवडे होत आले. आई-बापांच्या अंगावर ओरखडे दिसायला लागले होते आणि नर सारखा पळत होता. मोजली, ५२. तीन फुटी टाकीत ठेवलीत, मुरलेला स्पंज तिथे. रोज निम्मं पाणी बदलते. इतक्या वेळा खाणं दिलं की पाणी रात्रीपर्यंत टिकत नाही, हे वाचलं होतं, आता नाकाने कळतं.

त्यांना वेगळं केल्यावर नर-मादी दिवसभर टाकीत शोधत फिरत होती. तेवढं मला जड गेलं.

शर्वरी_वाकड | ११ मे, रात्री १०.००

सहा आठवडे झाले. ४६ पिल्लं. सगळी एकेक इंचाची आणि गोल व्हायला लागलीत. तोंडं अगदी आई-बापांसारखी. सहा गेली. त्यातली चार एकाच रात्री, त्या दिवशी मी टँकरचं पाणी न मोजता घातलं होतं. आता बादली भरली की मीटर आधी.

तीन पिल्लांच्या कल्ल्यांचं झाकण आखूड आहे, आतला लाल भाग दिसतो. ती कोणाला देणार नाही, माझ्याकडेच राहतील. बाकीची दोन इंचांची झाली की द्यायची आहेत. विकायची नाहीत. ज्यांनी या धाग्यावर मदत केली त्यांचा हक्क पहिला. काका, तुम्ही सहा तरी घ्यायलाच हवीत.

पाणकोळी | १२ मे, सकाळी ६.२०

सहा घेतो, आनंदाने. ठाण्याहून मीच येईन, थर्माकोलचा खोका घेऊन. प्रवासाच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, म्हणजे पिशवीत पाणी घाण होणार नाही.

अनिकेत_नागपूर | १२ मे, सकाळी ९.१५

जाळी लावली. ३८ पिल्लं बापाच्या अंगावर आहेत. टाकीवर पंखा लावून पाणी ३०वर रोखलंय. पाणकोळीकाका, धन्यवाद.

ओंकार_९ | १२ मे, रात्री ९.३०

ताई, मी पहिल्या दिवसापासून वाचतोय, लिहिलं मात्र काहीच नाही. पिंपळे सौदागरला राहतो. चार फुटी टाकी दोन महिन्यांपासून चालवतोय, रिकामीच, नुसती मुरवत ठेवलीय. मला सहा मिळतील का?

शर्वरी_वाकड | १२ मे, रात्री ९.४०

नक्की मिळतील. आधी तुझ्या नळाचा टीडीएस मोजून इथे लिही. मीटर नसेल तर माझा घेऊन जा.